तेवीस आणि पंचवीसच्या मधली जागा

चंद्रप्पांचं काम फोडण्याचं होतं. लातूरच्या एमआयडीसीत, दोन डाळमिलच्या मध्ये, मृत्युंजय साहेबांची टेस्टिंगची लॅब आहे. तिथे ते एकतीस वर्षं काँक्रीटचे क्यूब फोडत होते. क्यूब म्हणजे वीतभराहून जरा लहान, आठ किलोचा चौकोनी ठोकळा. स्लॅबमध्ये ओतायच्या काँक्रीटमधलंच थोडं लोखंडी साच्यात भरायचं, दुसऱ्या दिवशी साचा सोडवायचा, ठोकळा पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचा आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनखाली घालून फुटेपर्यंत दाबायचा. फुटताना काटा जिथे पोचतो त्यावरून त्याची ताकद काढायची. इमारतीवर पुढे काय येऊ शकतं ते ठोकळ्याने आधी सोसून दाखवायचं, अशी ही एकूण व्यवस्था आहे.

त्यांच्या मुलीला, अक्षराला, शाळेत विचारलं होतं, वडील काय करतात. ती म्हणाली, "फोडतात." बाईंनी दुसऱ्याच दिवशी अप्पांना भेटायला बोलावलं. अप्पा कपाळाला भस्म लावून, इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि सोबत पुरावा म्हणून एक फुटका क्यूब घेऊन गेले. तो पुढे कित्येक वर्षं शाळेच्या दाराला अडसर म्हणून होता.

लातुरात सगळ्या गोष्टींना मार्क असतात. चौकाचौकात क्लासचे फलक, फलकावर पोरांचे फोटो, फोटोखाली मार्क. तिथला माणूस सोयरिकीला गेला तरी पोह्यांना मनातल्या मनात मार्क देऊन येतो. चंद्रप्पाही क्यूबबद्दल त्याच भाषेत बोलायचे. सात दिवसांची चाचणी म्हणजे प्रिलिम, अठ्ठावीस दिवसांची म्हणजे बोर्ड. पंचवीसच्या ताकदीचं काँक्रीट मागितलं असेल तर पंचवीसला पास. त्याखालचा आकडा रजिस्टरात लाल शाईने लिहायचा, असा लॅबचा जुना रिवाज होता.

अक्षरा आता सव्वीस वर्षांची होती आणि नांदेडला एका डिझाइन ऑफिसात इंजिनिअर होती. ती डॉक्टर व्हायची होती, पण त्यावर पुढे येऊच.

ऑफिसात नवीन काम आलं होतं: लोह्याला मुलींचं वसतिगृह, तीन मजली. अक्षराच्या वरिष्ठ धम्मप्रिया मॅडम. त्यांनी तिला मिश्रण ठरवायला बसवलं. यात एक गंमत असते. पंचवीसचं काँक्रीट हवं म्हणून पंचवीसचंच बनवून चालत नाही, कारण ते रोज सारखं निघत नाही. वाळू कधी ओली असते, पाणी ओतणारा कधी उदार असतो, मिक्सर कधी नाराज असतो. म्हणून नेम जरा वर धरायचा. किती वर, हे त्या ठेकेदाराच्या जुन्या चाचण्या सांगतात. आकडे जितके पांगलेले, तितका नेम वर.

हे काढायला अक्षराने एक प्रोग्राम लिहिला होता. जुने रिझल्ट त्यात घालायचे. तो त्यांचा पसारा मोजायचा, उभ्या पट्ट्या काढून दाखवायचा आणि सांगायचा की सरासरी एवढी धरा, म्हणजे शंभरातले फार तर पाच पंचवीसच्या खाली जातील. तीसपेक्षा कमी रिझल्ट दिले, तर पडद्यावर 'अनुभव अपुरा' असं यायचं. हे शब्द अक्षराने मुद्दाम घातले होते. तिला ते सहा मुलाखतींत ऐकावे लागले होते, तेव्हा आता दुसऱ्या कोणीतरी ऐकावेत.

वसतिगृहाचे ठेकेदार उमाशंकर. त्यांची सगळी कामं नांदेड जिल्ह्यात, पण क्यूब मात्र टेम्पोत घालून लातूरला चंद्रप्पांकडे जायचे. नांदेडात लॅब असताना एवढी यातायात कशाला, असं मॅडमनी विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, चंद्रप्पांना हातगुण हाय. त्यांच्या हातनं क्यूब पास होतो."

वैद्याला हातगुण असतो हे मॅडमना माहीत होतं. दाबून फोडणाऱ्यालाही असतो, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"तुझेच अप्पा ना?" त्या अक्षराला म्हणाल्या. "मग फोन कर आणि रजिस्टर मागव."

अप्पांनी आठ वर्षांच्या रजिस्टराची पानं फोनवर फोटो काढून पाठवली. प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा होता. अक्षराने दोन दिवस बसून चारशे बारा आकडे प्रोग्राममध्ये भरले आणि बटण दाबलं.

पट्ट्यांचा छान डोंगर झाला. सत्तावीस-अठ्ठावीसला शिखर, दोन्हीकडे उतार. फक्त डाव्या उतारावर, तेवीस आणि पंचवीसच्या मध्ये, जवळजवळ काहीच नव्हतं. त्याच्याही खाली, बावीस-एकवीसला, दोन-चार क्यूब होते. आणि पंचवीसला लागूनच एक उंच पट्टी होती, जणू एसटीच्या दारात सगळे एकदम चढले आहेत आणि आत कोणी सरकत नाही.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "हा दात कुठं पडला?"

"बघते, मॅडम."

"बघ. काँक्रीट असं वागत नसतं. असं माणूस वागतो." त्या जाता जाता म्हणाल्या, "उद्यापर्यंत मला आकडा पाहिजे. आणि या दाताचं कारण."

अक्षराने आकडे तारखेने लावले. सुरुवातीच्या एकसष्ट क्यूबमध्ये दात पडलेला नव्हता. तेवीस पॉइंट आठ, चोवीस पॉइंट तीन, सगळे आपापल्या जागी, लाल शाईत. चोवीसचा शेवटचा क्यूब २ जून २०१८ चा होता. त्यानंतर सात वर्षांत तेवीस आणि पंचवीसच्या मध्ये एकही क्यूब फुटलेला नव्हता. दोनापेक्षा जास्त कमी पडलेले लाल होते. दोनाच्या आत कमी पडलेला एकही नव्हता.

तिने पडदा बंद केला. मग चालू केला. तारीख तीच होती.

जून २०१८ च्या चार तारखेला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला होता. अक्षराने ती दुसऱ्यांदा दिली होती. अप्पा जेवत होते, शेजारी आई, म्हणजे अव्वा, भाकरी थापत होती, आणि अक्षरा फोन हातात धरून दारात उभी होती. तिला प्रवेशाला एकशे सात मार्क कमी पडले होते. तोंड उघडलं तेव्हा ती एकशे सातच म्हणणार होती. पण दोघेही इतक्या आशेने बघत होते, की आकडा गळ्यातून वर येता येता लहान होत गेला. एक म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं. ती म्हणाली, "दोन मार्कांनी हुकलं, अप्पा."

"दोनच?" अप्पा म्हणाले, आणि ताटावरून उठून गेले.

जगाच्या पाठीवर चंद्रप्पांना तिला दोन मार्क कुठेच देता येत नव्हते. जिथे देता येत होते, तिथे त्यांनी ते दिले होते. सात वर्षं, पंचवीसला लागून बसलेल्या अडतीस क्यूबना, निळ्या शाईत.

अक्षरा डोकं धरून बसली. गप्प बसावं, तर लोह्याच्या पोरी ज्या छताखाली झोपणार त्याचा हिशेब तिच्या थापेवर उभा राहणार होता. आणि लातूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला छताचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. बोलावं, तर निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या अप्पांच्या हातातून मशीन जाणार होतं. आणि त्याआधी त्यांना सांगावं लागणार होतं, की ते दोन मार्क मुळात नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी तिने सकाळची लातूरची एसटी धरली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून वसतिगृहाचे खड्डे दिसले. नुसतेच खड्डे होते, तरी तिने मान वळवली.

लॅबमध्ये पोचली तेव्हा अप्पा मशीनचं हँडल मारत होते. मशीन हाताचं होतं. विहिरीचा पंप हापसावा तसं हापसायचं.

"अगं माय! न सांगता? सुट्टी हाय का?"

"नाही. काम आहे तुमच्याकडे."

"बस की मग. त्या क्यूबवर नको, तो ओला हाय. त्याची परीक्षा राहिलीय अजून."

ती फुटक्या, निवृत्त क्यूबवर बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. अप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"झ्याक काढलंस. कळस हाय का?"

"तुमचं रजिस्टर आहे, अप्पा."

अप्पा जवळ सरकले. त्यांची नजर शिखरावरून डावीकडे उतरत आली आणि एका जागी थांबली. मग ते पुन्हा हँडलकडे गेले.

"ही मधली मोकळी जागा कशाची?" अक्षराने विचारलं.

"पार्किंगची असंल."

"अप्पा."

"मशीन जुनं हाय गं. काटा अडकतो."

"फक्त तेवीस ते पंचवीसमध्ये अडकतो?"

"मशीनचं कुणी सांगावं. त्याची बी कायतरी सवय असंल."

ते हापसत राहिले. काटा चढत होता. क्यूबमधून आधी कण्हल्यासारखा आवाज आला, मग कोपऱ्यातून एक चीर उतरली आणि ठोकळा फुटला. अप्पांनी काटा पाहिला, भिंतीवरच्या तक्त्यात बोट फिरवलं. चोवीस पॉइंट एक. त्यांनी रजिस्टर उघडलं, निळं पेन काढलं आणि मग ध्यानात आलं की मुलगी बघते आहे.

पेन हवेतच राहिलं.

"हे क्यूब गुणाबाईनं भरलेत," ते म्हणाले. "त्या कंधारच्या साइटवरची बाई. सळईनं पस्तीस ठोके मोजून देती, एक चुकवत न्हाई. आन खाली चिठ्ठीवर लिहिती, नीट पोचवा. तिला मी एवढ्याशा पॉइंटसाठी लाल शाई लावू?"

"गुणाबाईला कोण नापास म्हणतंय? अप्पा, क्यूबला तर मालूमच नाही तो परीक्षेला बसलाय."

"मला मालूम हाय ना."

अक्षराने लॅपटॉप क्यूबवर ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. "अप्पा, ऐका. पंचवीस म्हणजे पासचे मार्क नाहीतच. काँक्रीट कितीही नीट केलं, तरी शंभरातले पाच खाली जाणार, हे हिशेबात आधीच धरलेलं असतं. त्या पाचांना सांभाळायला म्हणूनच बाकीच्यांचा नेम वर ठेवतात. तुम्ही त्यांना हाताला धरून वर बसवलं, की प्रोग्रामला वाटतं सगळे हुशार आहेत. मग तो म्हणतो, एवढं सिमेंट कशाला, जरा कमी टाका."

"कमी?"

"कमी. आणि पुढच्या खेपेला पाचाचे दहा होतात. ते तुम्ही पुन्हा वर बसवता."

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. ते टाकीच्या काठाशी जाऊन उभे राहिले. शेजारच्या मिलमधून डाळीचा भुसा उडून आला आणि पाण्यावर बसला.

"आन त्या पाचांचं काय करतात?"

"काही नाही. असतात भिंतीत. आजूबाजूचे धरून ठेवतात त्यांना."

"तिथंच असतात?"

"तिथंच."

"मला वाटलं पाडतात," अप्पा हळूच म्हणाले. "एकतीस वर्षांत कुणी बोललं न्हाई मला हे. लाल लिहिलं की साइटवरचे पोरं तोंड पाडून जायचे. मला वाटलं, गेलं त्याचं."

ते स्टुलावर बसले. हापसून थांबलेला माणूस बसतो तसे, हात गुडघ्यांवर सोडून.

"जून अठरापासून का, अप्पा?" उत्तर माहीत असूनही अक्षराने विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"त्या दिवशी मला वाटलं, कुठंतरी एक माणूस बसला असंल खुर्चीवर. त्यानं पेनानं दोन लिहायचे होते फक्त. कुणाच्या बापाचं काय जात होतं? पर त्याचं रजिस्टर काय माझ्या हातात न्हवतं. हे होतं."

आता बोलली नसती, तर ती पुढे कधीच बोलली नसती.

"अप्पा, दोन नव्हते."

"आं?"

"एकशे सात होते."

अप्पांनी जरा विचार केला. "वर?"

"खाली."

मशीनमधून तेलाचा एक थेंब पत्र्यावर पडला. अप्पा तक्ता बघावा तसे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आन त्याच्या आदल्या साली? बारा म्हणली होतीस."

"चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी. मग वरीसभर क्लास लावला. मग एकशे सात." अप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे तू खाली आलीस."

"हाव."

"अक्षरा, मी हजारो क्यूब फोडले. सात दिवसांला जेवढा भरला, त्याच्यापेक्षा अठ्ठावीस दिवसांला कमी भरला, असा एकबी पाहिला न्हाई. काँक्रीट वयानं वाढतंच. तुझ्यासारखं मटेरियल माझ्याकडं आलंच न्हाई कधी."

अक्षराला रडू येत होतं, ते मध्येच अडकलं.

"क्युरिंग बराबर झालं न्हाई तुझं," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "पाण्यात राहावं लागतं."

"लातुरात पाणी येतं का रोज, अप्पा?"

"हे बी खरंय."

मग दोघं हसले. आधी अक्षरा, आणि जरा उशिराने अप्पा, कारण त्यांना आधी राग येऊन जायचा होता. तो आला, थोडा वेळ कपाळावर थांबला आणि गेला.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही जेवत होता."

अप्पांनी मशीनवरचा चुरा हाताने झटकला. मग म्हणाले, "एकशे सात म्हणली असतीस, तर मी जेवून उठलो असतो. एकशे सातला माणूस काय करणार? देवाचं नाव घेऊन ताक प्यायचं. त्या दोनानं माझी झोप गेली, माय. सात वर्षं. रात्री कूस बदलली तरी दोन."

अक्षराने त्यांच्या हाताला धरलं. हाताला सिमेंट होतं, तिच्याही हाताला लागलं. अप्पांनी दुसऱ्या हाताने खण उघडला, लाल पेन काढलं आणि गुणाबाईच्या क्यूबपुढे लिहिलं: २४.१. अक्षर चांगलं आलं.

"आता तुझ्या मॅडमला काय सांगायचं?"

"मी लिहिते पत्र."

"तू न्हाई. मी सांगतो, तू टाइप कर. माझी सही खाली."

ते उभे राहिले. अर्ज सांगायचा म्हणजे त्यांना बसून जमायचं नाही. "महोदया, सविनय सादर. मी, चंद्रप्पा, जून २०१८ पासून तेवीस आणि पंचवीसमधले क्यूब पंचवीसच्या वर लिहिले आहेत. असे एकूण एकेचाळीस."

"अडतीस, अप्पा. मी मोजलेत."

"एकेचाळीस. तिघं माझ्या अंगठ्याखाली गेले फोटोत. तरी हे आकडे हिशेबात धरू नयेत, ही विनंती. यात ठेकेदाराचा अथवा माझ्या मुलीचा दोष न्हाई. ते न्हाई काढून नाही कर."

"केलं. कारण लिहायला लागेल. मॅडमनी कारण विचारलंय."

अप्पांनी छताकडे बघितलं. एकदा टाकीकडे बघितलं. मग लेकीकडे.

"लिही, घरगुती."

पत्राची एक प्रत नांदेडला गेली आणि एक मृत्युंजय साहेबांच्या टेबलावर. चंद्रप्पांचा एकतीस वर्षांतला प्रत्येक अर्ज 'घरगुती कारणास्तव' असायचा, त्यामुळे साहेबांनी हे पत्रही हातात येताच 'मंजूर' लिहून सही केली आणि मग वाचलं. वाचून ते आधी ओरडले. मग त्यांनी रजिस्टर मागवलं, एकेचाळीस जागा स्वतः मोजल्या आणि अजून थोडे ओरडले. शेवटी म्हणाले, "ज्यांचे ज्यांचे क्यूब होते, त्या सगळ्यांना कळवायचं, चंद्रप्पा. पत्रं तुम्हीच लिहायची. आणि मशीनला हात लावायचा नाही. उद्यापासून वाळू चाळायची."

"किती दिवस, साहेब?"

"मी सांगेपर्यंत."

अप्पांनी मान हलवली, मशीनवर फडकं टाकलं आणि त्याची टोकं चारी बाजूंनी खाली खोचली.

प्रोग्राममधून सात वर्षांचे आकडे काढून टाकले तेव्हा मागे एकसष्ट उरले, तेही मोडीत निघालेल्या मिक्सरचे. म्हणजे उमाशंकर ठेकेदाराचा हिशेबात घेण्यासारखा रिझल्ट एकही नाही. पडद्यावर आलं: अनुभव अपुरा. मग अशा वेळी नवख्यांसाठी जो ठरलेला पसारा धरतात तो धरून प्रोग्रामने नेम काढला, एकतीस पॉइंट सहा. आधीच्या आकड्यापेक्षा पुष्कळ वर. धम्मप्रिया मॅडमचा निरोप आला: 'आकडा ठीक. कारण वाचलं. अप्पांना नमस्कार.'

संध्याकाळी अप्पा स्कूटर काढायला गेले. अक्षरा मागे बसली. गांधी चौकाच्या गर्दीत गाडी थांबली, तेव्हा समोरच्या फलकावरून चाळीस हुशार पोरं त्यांच्याकडे बघत होती.

"अप्पा, अव्वाला सांगायचं का?"

"सांगायला तर लागंल."

"आजच?"

"येडी का तू?" अप्पा मागे न बघता म्हणाले. "एकदम लोड दिला की कुठलंबी मटेरियल फुटतं. हळूहळू चढवायचा असतो. आज रात्री म्हण, अव्वा, ते दोन नव्हते, दहा होते. मग बघायचं, चीर जाती का. न्हाई गेली, तर पुढच्या महिन्यात वीस."

"मग एकशे सातला पोचायला वर्ष लागेल."

"लागू दे की. मी काय, आता वाळू चाळायला रिकामाच हाय. महिन्याच्या महिन्याला येत जा."

सिग्नल सुटला. अप्पांनी गिअर टाकला आणि जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "दहा नको. आठ म्हण. सुरुवातीला."